वंशलेखाची राखण

शेतकऱ्याच्या घरांत पुढील पेरणीचें बियाणें वेगळें काढून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. खाण्याचें धान्य संपलें तर उसनें आणतां येतें, पण बियाणें गेलें तर सालच हातचें जातें, हें प्रत्येक कुणबी जाणतो. म्हणून तें राखेंत घोळून, कणगींत किंवा मडक्यांत भरून, वर तोंड लिंपून ठेवीत. आजवर बियाण्याची राखण म्हणजे कीड, ओल, उंदीर आणि चोर यांपासून राखण, एवढाच तिचा अर्थ होता. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र एक नवीन गोष्ट घडली आहे. बीजाच्या आंत निसर्गानें जें लिहून ठेविलें आहे, तें अक्षर न् अक्षर वाचून संगणकांत उतरवून घेतां येऊं लागलें आहे. असा उतारा एकदां झाला म्हणजे पोतें जागचें न हलतां त्याच्या गुणांची माहिती क्षणांत सातासमुद्रांपलीकडे जाते. जें बियाण्याचें तेंच जनावराचें, आणि तेंच माणसाचें. या उताऱ्यास आपण या लेखापुरतें 'वंशलेख' असें म्हणूं.

हा वंशलेख कोणीं पाहावा, कोणीं न्यावा, आणि तो परक्या राज्याच्या हातीं गेला तर काय बिघडतें, हे प्रश्न आज मोठमोठ्या राष्ट्रांपुढें उभे आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन २०२४ व २०२५ मध्यें याविषयीं कडक नियम झाले. ते कशासाठीं झाले, त्यांत काय आहे, त्यांनीं काय साधतें व काय साधत नाहीं, आणि आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या संघानें त्यांतून काय घ्यावें, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

वंशलेख म्हणजे काय

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नांवाचा अतिसूक्ष्म धागा असतो. त्यावर चार प्रकारचे घटक एका ओळींत गुंफलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांस ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांनीं ओळखतात. पिकाची उंची, दाण्याचा रंग, रोगास दाद न देण्याची शक्ति, माणसाच्या डोळ्यांचा रंग, कित्येक आजारांकडे असलेला शरीराचा कल, या गोष्टी बऱ्याच अंशीं या अक्षरांच्या क्रमावर अवलंबून असतात. भाताच्या वंशलेखांत सुमारें ४० कोटि अक्षरें आहेत, माणसाच्या सुमारें ३०० कोटि, आणि गव्हाच्या तर सुमारें १,६०० कोटि. मनुष्याचा वंशलेख प्रथम वाचण्याचें काम सन १९९० मध्यें सुरू होऊन सन २००३ मध्यें पुरें झालें. त्यास तेरा वर्षें लागलीं व खर्च सुमारें तीन अब्ज डॉलरांच्या घरांत गेला. आज तेंच काम एका माणसापुरतें एक हजार डॉलरांहूनहि कमी खर्चांत होतें. भाताचा वंशलेख सन २००५ मध्यें प्रसिद्ध झाला व त्या कामांत भारतीय शास्त्रज्ञांचाहि वाटा होता.

तथापि नुसत्या अक्षरांचा उपयोग थोडा. सात-बाराच्या उताऱ्यावर नुसता गट क्रमांक असावा आणि खातेदाराचें नांव, क्षेत्र, आकार व पीकपाणी हे सारे रकाने कोरे असावे, तर तो उतारा काय कामाचा? तसेंच येथेंहि आहे. वंशलेखाशेजारीं त्या माणसाचें वय, आजार, घेतलेलीं औषधें यांची नोंद असेल, किंवा त्या वाणाचें उत्पन्न, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद, तांबेऱ्यास तोंड देण्याची ताकद यांची नोंद असेल, तरच त्याला मोल येतें. अशा हजारों नोंदी एकत्र ठेवून तुलना केली म्हणजे कोणतें अक्षर बदललें असतां कोणता गुण बदलतो हें कळतें. यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं, एका माणसाच्या किंवा एका वाणाच्या लेखापेक्षां अनेकांच्या लेखांच्या संग्रहालाच खरी किंमत आहे. राखण करावयाची ती मुख्यतः या संग्रहांची.

ही माहिती इतर माहितीहून वेगळी कां

बँकेच्या खात्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला तर तो बदलतां येतो. घराचें कुलूप तुटलें तर नवें बसवितां येतें. परंतु वंशलेख जन्मभर एकच राहतो. तो एकदां बाहेर गेला कीं परत घेतां येत नाहीं व बदलतांहि येत नाहीं. हा पहिला भेद.

दुसरा भेद असा कीं, वंशलेख एकट्याचा नसतो. त्यांत आईबाप, भावंडें, मुलें, इतकेंच नव्हे तर दूरचे चुलते-मावसे यांचाहि भाग असतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत १९७० व १९८० च्या दशकांत अनेक खून व अत्याचार करून नाहींसा झालेला एक गुन्हेगार सन २०१८ मध्यें पकडला गेला. त्यानें स्वतः आपला वंशलेख कोठेंहि दिलेला नव्हता. वंशावळ शोधण्याच्या हौसेनें त्याच्या दूरच्या नातेवाइकांनीं जे लेख संकेतस्थळांवर ठेविले होते, त्यांवरून पोलिसांनीं त्याचा माग काढिला. येथें परिणाम चांगला झाला. पण ज्या वाटेनें पोलीस गेले, त्याच वाटेनें दुसराहि जाऊं शकतो.

तिसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. पूर्वीं अशी समजूत होती कीं, नोंदींतून नांव, पत्ता व जन्मतारीख काढून टाकली म्हणजे ती कोणाची हें कळणार नाहीं. सन २०१३ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं ही समजूत खोटी ठरविली. आडनांव बापाकडून मुलाकडे जातें, आणि वंशलेखाचा एक भागहि बापाकडून मुलग्याकडेच जातो. या दोहोंची सांगड घालून, वंशावळीच्या खुल्या याद्या पाहून, त्यांनीं संशोधनासाठीं निनांवी दिलेल्या लेखांतून सुमारें पन्नास व्यक्तींची ओळख पटवून दाखविली. त्यांनीं कोणतेंहि कुलूप फोडलें नव्हतें. जें सर्वांस उघडें होतें तेवढेंच त्यांनीं वापरलें. नांव खोडल्यानें माणूस लपत नाहीं, हें तेव्हांपासून सर्वांस मान्य झालें.

परराज्याचें भय कोणतें

परक्या राज्यास दुसऱ्या देशांतील लोकांचे वंशलेख कशास हवे, असें कोणी विचारील. अमेरिकन सरकार जीं कारणें सांगतें त्यांचा सारांश असा.

पहिलें कारण माणसें ओळखण्याचें. सैन्यांतील, हेरखात्यांतील किंवा सरकारांतील माणूस कोण आहे, त्याचें कुटुंब कोणतें, त्याला कोणता गुप्त आजार आहे, हें कळल्यास त्याच्यावर दाब आणतां येतो. डिसेंबर २०१९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें आपल्या सैनिकांस, घरबसल्या थुंकी पाठवून वंशलेख काढून देणाऱ्या कंपन्यांच्या चाचण्या करूं नयेत, असा सल्ला याच कारणास्तव दिला.

दुसरें कारण व्यापाराचें. ज्याच्याजवळ सर्वांत मोठा संग्रह त्याच्या हातीं नवीं औषधें व नवे वाण प्रथम लागतात. एका देशानें आपला संग्रह मिटून ठेवावा आणि दुसऱ्यांचे उघडे संग्रह मात्र मुक्तपणें न्यावे, तर कांहीं वर्षांनीं तराजू एकीकडे झुकणार हें उघड आहे.

तिसरें कारण रोगास्त्राचें, म्हणजे विशिष्ट लोकांस किंवा विशिष्ट पिकास लक्ष्य करणारें अस्त्र कोणी घडवील असें. याविषयीं पुष्कळ बोललें जातें, परंतु विशिष्ट वंशाच्याच माणसांस मारील असें अस्त्र कोणीं बनविल्याचा पुरावा नाहीं. म्हणून या भयास पहिल्या दोन कारणांइतकें वजन देऊं नये.

हीं भयें केवळ कल्पनेंतील नाहींत, हें दाखविणाऱ्या दोन घटना सांगतों. सन २०१५ मध्यें अँथेम नांवाच्या अमेरिकन आरोग्य-विमा कंपनीच्या दप्तरांत शिरून सुमारें ७ कोटि ८८ लक्ष लोकांची माहिती चोरली गेल्याचें उघडकीस आलें. सन २०१९ मध्यें त्याबद्दल चीनमधून काम करणाऱ्या टोळीविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्यानें आरोपपत्र ठेविलें. या चोरींत वंशलेख नव्हते, पण ज्या प्रकारच्या वैद्यकीय व खासगी नोंदींशीं वंशलेखाची जोड घालतां येते, तशा नोंदींचीं दप्तरें किती सहज फुटतात हें त्यावरून दिसलें.

दुसरी घटना ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची. लोकांनीं आपली थुंकी पाठवावी व कंपनीनें त्यांचें मूळ कुळ सांगावें, असा तिचा धंदा. सन २०२३ मध्यें सुमारें ६९ लक्ष ग्राहकांची माहिती चोरांच्या हातीं गेली. चोरांनीं कांहीं मोठी विद्या वापरली नव्हती. लोक अनेक ठिकाणीं एकच परवलीचा शब्द ठेवितात, तो दुसरीकडून मिळवून त्यांनीं येथें लाविला. काहीं हजार खातीं अशीं उघडलीं, आणि नातेवाईक जोडून दाखविण्याची जी सोय होती तिच्यामधून लाखों लोकांची माहिती बाहेर पडली. ज्यू व चिनी कुळांतील लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विकावयास ठेविल्या गेल्या. पुढें मार्च २०२५ मध्यें या कंपनीनें दिवाळें काढिलें आणि तिची मालमत्ता, ग्राहकांच्या वंशलेखांसह, विक्रीस निघाली. जुलै २०२५ मध्यें तिच्याच संस्थापिकेच्या एका ना-नफा संस्थेनें ती ३० कोटि ५० लक्ष डॉलरांस घेतली. घेणारा दुसराहि कोणी असूं शकला असता. ज्याच्या हातीं आपण लेख देतों तो मनुष्य प्रामाणिक असला, तरी तो बुडाला तर लेख कोणाच्या हातीं जाणार, हा प्रश्न देणाऱ्यानें आधींच विचारावयास हवा.

बियाण्याची लूट नवीन नाहीं

शेतकऱ्यांस या गोष्टीचें नवल वाटूं नये. सन १८७६ मध्यें हेन्री विकहॅम या इंग्रजानें ब्राझीलमधून रबराच्या सुमारें ७०,००० बिया लंडनजवळील क्यू येथील उद्यानांत नेल्या. त्यांच्याच संततीवर पुढें मलायांतील रबराचे मळे उभे राहिले आणि ब्राझीलचा रबराचा व्यापार बसला. दुसऱ्या महायुद्धांत लेनिनग्राडला वेढा पडला असतां तेथील बीजसंग्रहाच्या संस्थेंतील अनेक सेवक उपासमारीनें मेले, पण त्यांनीं संग्रहांतील धान्यास हात लाविला नाहीं. तो संग्रह उभा करणारे निकोलाय वाविलोव हे स्वतः जानेवारी १९४३ मध्यें सारातोवच्या तुरुंगांत वारले. त्याच वर्षीं जर्मन सैन्याच्या एका तुकडीनें युक्रेन व क्रिमिया येथील सोव्हिएत प्रयोगक्षेत्रांवरून बियाण्यांचे नमुने उचलून नेले. लढाईंत सोन्याबरोबर बियाणेंहि लुटावयाची वस्तु आहे, हें त्या सेनेस कळलें होतें.

अलीकडील गोष्ट अमेरिकेंतील आयोवा प्रांताची. मे २०११ मध्यें तेथें एका बियाणें कंपनीच्या नुकत्याच पेरलेल्या मक्याच्या शेतांत एक परका माणूस गुडघे टेकून माती उकरतांना आढळला. तो एका चिनी बियाणें उद्योगाचा नोकर होता. संकरित मक्याचे जे मूळ 'आईबाप' वाण कंपन्या अत्यंत गुप्त ठेवितात, ते मिळविण्याची ही खटपट होती. सन २०१२ मध्यें त्याच्या साथीदारांनीं मक्याच्या लाह्यांच्या पुड्यांच्या खोक्यांतून असे दाणे देशाबाहेर नेण्याचा प्रयत्न केला, तो विमानतळावर फसला. जानेवारी २०१६ मध्यें त्यानें गुन्हा कबूल केला व ऑक्टोबर २०१६ मध्यें त्यास तीन वर्षांची कैद झाली. कॅन्सस प्रांतांतहि अशाच एका खटल्यांत, औषधासाठीं तयार केलेल्या भाताचे दाणे चोरल्याबद्दल सन २०१८ मध्यें एका शास्त्रज्ञास १२१ महिन्यांची शिक्षा झाली.

या दोन्ही चोऱ्यांत दाणा हातांत घ्यावा लागला, म्हणून चोर सांपडला. दाण्याऐवजीं त्याचा वंशलेख नेला असता तर शेतांत गुडघे टेकण्याची गरजच पडली नसती. विमानतळावर पिशवी तपासणाऱ्यास तो दिसलाहि नसता.

अमेरिकेनें काय केलें

अमेरिकेंत सरकारी पैशानें वैद्यकीय संशोधन करविणारी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ ही मुख्य संस्था आहे. तिनें सन २००७ च्या सुमारास मनुष्यांचे वंशलेख एके ठिकाणीं ठेवण्याचें भांडार उघडलें. त्याची रचना आपल्या अभिलेख-कक्षासारखीच समजावी. कांहीं गोषवारे भिंतीवर लाविलेल्या यादीप्रमाणें कोणासहि पाहतां येत. व्यक्तिवार मूळ नोंदी मात्र अर्ज केल्यावर, कारण पटल्यावर, समितीनें मंजुरी दिल्यावरच मिळत. सन २००८ मध्यें असें आढळलें कीं, नुसत्या गोषवाऱ्यावरूनहि एखादा माणूस त्या अभ्यासांत होता कीं नाहीं हें ताडतां येतें. तेव्हां गोषवारेहि आंत घेतले गेले. दहा वर्षांच्या अनुभवानंतर सन २०१८ मध्यें, धोका अल्प आणि उपयोग मोठा असें ठरून, त्यांतील बहुतेक पुन्हां उघडे केले गेले. कुलूप लावणें आणि अनुभवानें काढणें या दोन्ही गोष्टी या संस्थेनें केल्या, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ता. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं अध्यक्ष बायडेन यांनीं एक आज्ञापत्र काढिलें आणि त्यावरून न्याय खात्यानें केलेला नियम ता. ८ एप्रिल २०२५ पासून अंमलांत आला. त्यांत चीन (हाँगकाँग व मकाव धरून), रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा व व्हेनेझुएला हे सहा देश 'चिंतेचे देश' म्हणून नमूद आहेत. बारा महिन्यांत शंभरांहून अधिक अमेरिकन माणसांचे वंशलेख या देशांस किंवा त्यांच्या ताब्यांतील मंडळींस मिळतील असा व्यवहार करण्यास मनाई आहे. नांवें काढलीं होतीं किंवा मजकूर सांकेतिक लिपींत गुंडाळला होता, ही सबब चालत नाहीं. वर सांगितलेल्या सन २०१३ च्या अनुभवानंतर ती चालणें शक्यहि नव्हतें. सरकारी अनुदानाच्या संशोधनास व औषधांच्या कांहीं चाचण्यांस या नियमांत अपवाद ठेविले आहेत. परंतु नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थनें आपल्यापुरता वेगळा निर्णय घेऊन, ता. ४ एप्रिल २०२५ पासून या सहा देशांतील संस्थांस आपल्या राखीव भांडारांतील नोंदी देणें बंद केलें. त्याआधीं ता. २५ जानेवारी २०२५ पासून, नोंदी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनें, मग ती कोणत्याहि देशांतील असो, आपला संगणक ठराविक कसोटीप्रमाणें सुरक्षित असल्याची हमी द्यावी, असाहि नियम झाला.

हा संशय एकतर्फी नाहीं. चीननें तर त्याआधींच, ता. १ जुलै २०१९ पासून, मनुष्याच्या वंशसामग्रीविषयीं नियम लागू करून परक्या देशांतील संस्थांनीं ती सामग्री परस्पर गोळा करण्यास व बाहेर नेण्यास बंदी केली. अर्थात् दोन शेजाऱ्यांनीं एकमेकांच्या भयानें बांधावर कुंपण घालावें तशी ही स्थिति आहे.

कुंपणाचा तोटा

कुंपण घातलें म्हणजे चोर अडतो, पण शेजारीहि अडतो. या बाबतींत एक गोष्ट शेतकऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. फेब्रुवारी २०१६ मध्यें बांगलादेशांत गव्हावर अचानक करपा पडला आणि सुमारें १५,००० हेक्टर पिकास त्याची झळ लागली. आशियांत हा रोग पूर्वीं कोणीं पाहिला नव्हता. तेथील शास्त्रज्ञांनीं रोगट ओंब्यांवरील बुरशीचा वंशलेख काढून तो सर्व जगास खुला केला. निरनिराळ्या देशांतील जाणकारांनीं तो ताडून पाहिला, आणि थोड्याच आठवड्यांत असें निष्पन्न झालें कीं, ही बुरशी दक्षिण अमेरिकेंतील कुळाची आहे, जेथें हा रोग सन १९८५ पासून ठाऊक होता. मूळ कळल्यामुळें त्या कुळास तोंड देणारे वाण कोठें शोधावे हें कळलें, आणि सन २०१७ मध्यें बांगलादेशानें प्रतिकारक्षम वाण प्रसृतहि केला. प्रत्येक देशानें आपला लेख पेटींत ठेविला असता, तर हें उत्तर मिळण्यास किती हंगाम गेले असते?

भाताचीहि तीच कथा आहे. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था व दोन चिनी संस्था यांनीं मिळून ८९ देशांतील ३,००० वाणांचे वंशलेख वाचले व सन २०१४ मध्यें ते सर्वांस खुले केले. ज्या देशास आज चिंतेचा म्हणतात त्याच्याच हातून झालेलें हें काम आपल्या भात-संशोधकांच्याहि उपयोगाचें आहे.

शिवाय संशयाची धार निरपराध माणसांसहि लागते. सन २०१८ मध्यें अमेरिकेनें चीनसाठीं हेरगिरी करणाऱ्यांचा शोध घेण्याची एक मोहीम काढिली. तींत चिनी वंशाचे कित्येक प्राध्यापक गोवले गेले. मॅसॅच्युसेट्स येथील नामांकित तंत्रविद्यालयांतील एका प्राध्यापकावर जानेवारी २०२१ मध्यें भरलेला खटला बरोबर एक वर्षानें सरकारनेंच मागें घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्यें ती मोहीमहि बंद झाली. माणसाच्या कुळावरून त्याची नियत ठरविणें अन्यायाचें असून त्यानें लेखांची राखणहि होत नाहीं. वरील दोन दप्तरफोडींकडे पाहा. चोर जेथून शिरला ती फट दप्तर सांभाळणाऱ्याच्या ढिलाईची होती. परदेशी माणसास दारांत अडवून ती बुजत नाहीं. म्हणून माझ्या मतें, देशांची यादी करण्यापेक्षां, प्रत्येक नोंद घेणाऱ्यास लागू असणारा ता. २५ जानेवारी २०२५ चा नियम अधिक टिकाऊ आहे.

आपल्या देशांतील व्यवस्था

भारतांत सन २०२१ मध्यें जैविक माहिती ठेवण्याविषयींचीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्र सरकारनें जाहीर केलीं आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें फरीदाबाद येथें भारतीय जैविक माहिती केंद्राचें उद्‌घाटन झालें. देशांतील निरनिराळ्या जनसमूहांतील १०,००० लोकांचे वंशलेख तेथें ठेविले असून, ता. ९ जानेवारी २०२५ रोजीं ते संशोधकांसाठीं, अर्ज व मंजुरीच्या रीतीनें, उपलब्ध झाले. बियाण्यांपुरतें पाहतां, दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पति जननद्रव्य संस्थेच्या शीतगृहांत साडेचार लक्षांच्या आसपास नमुने आहेत. जैविक विविधता कायदा, २००२, याप्रमाणें परदेशी व्यक्तीस किंवा कंपनीस आपल्याकडील जैविक साधनें अथवा त्यांविषयींचें ज्ञान घ्यावयाचें असल्यास चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. याच कायद्याखालीं प्रत्येक स्थानिक संस्थेनें समिति नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. सन २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास स्वतःच्या वाणाची विनाशुल्क नोंदणी करतां येते.

कायदा असला तरी डोळे उघडे ठेवणारे लोक लागतात. रायपूर येथील कृषि विद्यापीठाजवळ डॉ. रिछारिया यांच्या परिश्रमानें जमविलेले भाताचे १९,००० हून अधिक वाण आहेत. सन २००२ मध्यें त्यांवर मिळून काम करण्याविषयीं विद्यापीठाची सिंजेंटा या स्विस कंपनीशीं बोलणीं चाललीं होतीं. शेतकऱ्यांनीं व जाणत्या लोकांनीं, हे वाण कोणाचे व कोणाच्या संमतीनें देतां, असा प्रश्न केला. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीनें अंग काढून घेतलें. त्या वेळीं मागणी वाणांची होती. आज कोणी वाण मागणार नाहीं, त्याची नोंद व चिमूटभर पानाचा तुकडा मागेल, आणि आपण भिडेस पडून देऊं.

संघानें काय करावें

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अभिलेख राखण्याचे जे साधे दंडक मला पाळावे लागले, तेच येथें उपयोगी पडतील असें वाटतें. ते असे :

(१) गांवच्या जैवविविधता नोंदवहीचे व बियाण्यांच्या याद्यांचे दोन भाग करावे. वाणाचें नांव, हंगाम व सर्वसाधारण गुण हा भाग सर्वांस दाखवावा. कोणाच्या घरीं तो आहे, कोणत्या शेतांत होतो, औषधी उपयोग काय, हा भाग समितीच्या मंजुरीशिवाय दाखवूं नये.

(२) पाहणी व नक्कल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाहावयास दिलेल्या वहीचें छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊं देणें म्हणजे नक्कल देणेंच होय. नक्कल लेखी अर्जावरच द्यावी.

(३) कोणीं, कोणत्या तारखेस, कशासाठीं पाहिलें व काय नेलें, याची आवक-जावक वही ठेवावी. बहुतेक गैरप्रकार अशा वहीच्या नुसत्या भीतीनें थांबतात.

(४) मागणाऱ्यास तीन प्रश्न लेखी विचारावे. हा लेख कोठें ठेवणार? तो पुढें कोणास देणार? संस्था बंद पडली किंवा विकली गेली तर त्याचें काय होणार? परदेशी संस्थेचा संबंध दिसला तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. शंका पडल्यास नागपूर येथील राज्य जैवविविधता मंडळास विचारावें.

(५) गांवांत आरोग्य-शिबिर भरून रक्त किंवा थुंकी घेतली जाते तेव्हां संमतिपत्र मराठींत मागावें, वाचून घ्यावें व त्याची प्रत आपणाजवळ ठेवावी. चाचणीपुरता नमुना कीं संशोधनासाठींहि, हें विचारण्याचा आपणांस हक्क आहे. आपण सही करतों ती आपल्या मुलाबाळांच्याहि वतीनें होते, हें विसरूं नये.

(६) परंतु पिकावर नवा रोग दिसला तर मात्र क्षणभरहि लपवूं नये. नमुना कृषि विद्यापीठाकडे त्वरित द्यावा. रोगाची माहिती दडविण्यांत कोणाचेंच हित नाहीं, हें बांगलादेशच्या गव्हानें दाखविलें आहे.

या सहा कलमांस खर्च जवळजवळ नाहीं. एक वही, एक कपाट, एक किल्ली आणि ती सांभाळणारा एक नेमस्त मनुष्य एवढेंच लागतें. ज्या गांवीं नोंदवही अजून झालीच नसेल तेथील सभासदांनीं प्रथम ती करून घ्यावी, कारण जें लिहिलेंच नाहीं त्यावर पुढें आपला हक्क सांगणें कठीण जातें. ज्या गांवीं ती झाली आहे तेथील सभासदांनीं ती सध्यां कोणाच्या हातांत आहे व तिच्या किती नकला बाहेर आहेत, याची चौकशी येत्या ग्रामसभेपूर्वीं करावी, अशी विनंति आहे.